लाइन चांगली आहे

"रेडिओवाल्यांनी तुमाला टेपांच्या खोलीत का बसवलंय, तेवढं सांगा आधी," गेनूभाऊ कड म्हणाले. "मंग तुमचं बाकीचं आयकतो."

मी त्यांच्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसलो होतो. सकाळची वेळ होती, वॉर्डात चहाची किटली फिरत होती. गेनूभाऊंच्या उशाशी ट्रान्झिस्टर होता आणि कॉटखाली त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, गाठोडं बांधून तयार ठेवलं होतं. संध्याकाळी पुतण्या टेम्पो घेऊन येणार होता आणि गेनूभाऊ ऑपरेशन न करताच, कागदावर सही करून घरी निघणार होते. घशाच्या कॅन्सरने स्वरयंत्र धरलं होतं. डॉक्टर मोहोळकरबाईंनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं की ते काढलं तर जगाल, नाही काढलं तर पुढची दिवाळी काही खरी नाही. गेनूभाऊंनीही तितक्याच स्वच्छपणे सांगितलं होतं, "न्हाई."

चाकणच्या कांदाबाजारात ते लिलाव पुकारायचे. तीस वर्षं हेच काम. ढिगाऱ्याशी उभं राहून गेनूभाऊंनी "बोला" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातले व्यापारी अर्धा चहा टाकून धावत यायचे, असं त्यांचा पुतण्याच सांगायचा. आता तो आवाज घोगरा झाला होता, तरी वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जात होता. माझा मात्र शेजारच्या कॉटपर्यंत जेमतेम जायचा.

कारण दोन वर्षांपूर्वी त्याच डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढलं होतं. श्वास मी गळ्याला पाडलेल्या भोकातून घेतो, त्यावर सुती रुमाल असतो. बोलायचं तर तोंडाने हवा गिळायची आणि ती ढेकरासारखी वर आणून तिचे शब्द करायचे. एका घोटात तीन-चार शब्द, मग पुन्हा घोट. आवाज येतो तो खरखरीत, पाण्याचा पंप सुरू होताना करतो तसला. हे शिकायला मला सबंध वर्ष लागलं. ढेकर यावा म्हणून इतका सोडा प्यायलो की कोपऱ्यावरचा दुकानदार मला पाहून न विचारता बाटली फोडायचा. असं बोलता येतं हे गेनूभाऊंना दाखवायला म्हणून डॉक्टरांनी मला पाठवलं होतं.

"लायब्ररीत. बसवलंय," मी म्हणालो. "पगार. तोच आहे."

"पगाराचं कुणी इचारलं? तुमी तितं बोलत व्हता. आमी आयकलंय तुमाला. रणपिसे म्हंजी काय आवाज व्हता, आं? आता तुमचीच मानसं तुमाला बोलू देत न्हाईत. त्येंला ह्यो आवाज नको वाटतो. मंग माजा बाजार घेईल व्हय असला आवाज? हसतील. हमाल हसतील, त्येंची पोरं हसतील."

ते खरं बोलत होते, आणि असलं खरं ऐकलं की मला राग येतो. आधीही यायचा, पण आधी तो बोलून काढता यायचा.

"आज बोललो तर?"

"कुटं?"

मी ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं.

गेनूभाऊ हसले. हसताना त्यांना दुखलं, त्यांनी गळा धरला. "ह्या डब्यातनं तुमी आज बोललात, तर टेम्पो माघारी धाडतो. शब्द देतो. माज्या शब्दावर तीस वर्सं माल इकला गेलाय."

हौसाबाई भिंतीशी उभ्या होत्या. चार माणसांत त्या कधी बोलत नसत. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उठलो तो थेट केंद्रावर गेलो.

तेव्हाची आमची राष्ट्रीय संवाद वाहिनी आता कुणाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. या वाहिनीवर गाणी नव्हती. पहाटेपासून रात्रीपर्यंत नुसतं बोलणं: बातम्या, शेतीचे सल्ले, मुलाखती, वादविवाद, श्रुतिका. मी मराठी विभागात अठरा वर्षं उद्घोषक होतो. ऑपरेशननंतर मला टेपांच्या लायब्ररीत नेमलं. कार्यक्रमाची टेप काढून द्यायची, झाली की परत लावायची. रोज पहाटे वाहिनी सुरू व्हायची ती माझ्याच आवाजात, "नमस्कार, राष्ट्रीय संवाद वाहिनीचा हा मराठी विभाग आहे". जुनी टेप होती. ती टेप मीच कपाटातून काढून द्यायचो. लोकांना वाटत असेल, रणपिसे मजेत आहेत.

नलिनी हुपरीकर आमच्या कार्यक्रम अधिकारी होत्या. त्या माणूस म्हणून चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो, नाही तर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. मी गेलो तेव्हा त्या महिलांच्या कार्यक्रमाची संहिता तपासत होत्या.

"आज दुपारी. डॉक्टर मोहोळकर," मी म्हणालो. "घशाच्या कॅन्सरवर. थेट मुलाखत."

"हो, आहे ना. मग?"

"मला. त्यांच्याबरोबर. बसवा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रणपिसे, बसा." मी उभाच राहिलो. "तुम्हाला ठाऊक आहे, आवाजाची चाचणी झाल्याशिवाय आपण कुणालाच..."

"अठरा वर्षं. झाली चाचणी."

"त्या आवाजाची झाली." हे त्या बोलून गेल्या आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. "माझं ऐका. लोकांच्या कानात तुमचा आवाज अजून आहे. पत्रं येतात, रणपिसे हल्ली फक्त सकाळीच का असतात म्हणून. तो आवाज तसाच राहू दे ना त्यांच्याकडे. तुम्हीच का मोडताय तो?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यामुळे भांडणं जास्त अवघड झालं. मी हवा गिळली, पण रागावलं की घशाचा स्नायू आवळतो आणि काही केल्या आवाज फुटत नाही. मी तसाच तोंड उघडून उभा राहिलो. बाई खाली बघू लागल्या. मी दार न आपटता बाहेर आलो, एवढंच काय ते केलं.

मग मी दवाखान्यात डॉक्टरांना फोन लावला. त्यांना माझं बोलणं फोनवरही कळायचं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बरं. मी बघते." दुपारी त्या आल्या त्या सरळ बाईंच्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, "रणपिसे माझ्यासोबत असतील तर मी बसते. नाही तर माझे पेशंट थांबलेत, मी निघते."

"डॉक्टर, थोड्याच वेळात थेट प्रसारण आहे!"

"म्हणूनच आत्ता सांगतेय."

डॉक्टरांची ही दांडगाई मला माहीत होती. मला ऑपरेशनला तयार करतानाही त्यांनी अशीच केली होती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शेवटी पाच मिनिटं. त्याहून जास्त नाही."

मी स्टुडिओत पाय ठेवला. दोन वर्षं मी दारापर्यंत टेपा पोचवत होतो, आत नाही. काचेपलीकडे ड्यूटीवरचे इंजिनियर तांबोळी होते. त्यांनी मला माइकसमोर बसताना पाहिलं आणि खुर्चीवरून अर्धवट उठले, मग अंगठा वर केला. लाल दिवा लागला.

डॉक्टर बोलत होत्या तोवर मी हवा गिळण्याची तयारी करत होतो. माझी वेळ आली.

"रणपिसे," डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशननंतर पहिलं काय वाटलं?"

"राग आला," मी म्हणालो. "जे बोलू शकतात. त्या सगळ्यांचा. तुमचाही."

डॉक्टर हसल्या. "आणि आता?"

"आता. बायको म्हणते. जरा गप्प बसा."

काचेपलीकडे तांबोळी खांदे हलवत हसत होते. मग मी बोलत गेलो. पहिला शब्द कसा आला, तो कुणी ऐकला, भाजी घेताना लोक कसे दचकतात आणि दुसऱ्या खेपेला कसे दचकत नाहीत. एका माणसाचं नाव न घेता त्याला सांगितलं की लोक हसतात, पण हसून थकतात. आपण बोलून थकायचं नाही. घोट घेताना खंड पडत होता, पण सगळं बोलून झालं. लाल दिवा विझला आणि डॉक्टरांनी माझा हात दाबला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. बायकोला हे सांगितलेलं आहे.

आम्ही दार उघडून बाहेर आलो. पलीकडच्या ड्यूटी रूममध्ये रेडिओ चालू असायचा, बाहेर लोकांना काय ऐकू येतंय ते कळावं म्हणून. त्यातून संतूर वाजत होता.

आमच्या वाहिनीवर संतूर एकाच कारणासाठी वाजायचा.

स्टुडिओतलं बोलणं तारेवरून शहराबाहेरच्या माळावर ट्रान्समीटरकडे जायचं आणि तिथून हवेत. ट्रान्समीटरवर बसलेल्या माणसाचा नियम साधा होता. तारेत खरखर आली किंवा बोलणं तुटायला लागलं की लाइन बिघडली असं समजायचं, तोडायची, आणि दुरुस्त होईपर्यंत वादनाची टेप लावायची. त्या दिवशी तिथे जोगदंड होते. डॉक्टरांचं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू आलं. मग एकदम घरघर सुरू झाली, मध्येच शांतता, पुन्हा घरघर. जोगदंडांनी नियमाप्रमाणे लाइन तोडली. तांबोळींना स्टुडिओतलं ऐकू येत होतं, बाहेरचं नाही, आणि ड्यूटी रूममध्ये तेवढ्या वेळात कुणी नव्हतं. ट्रान्समीटरला आधी कळवायला हवं होतं, ते कुणाला सुचलंच नाही. अठरा वर्षं त्या धंद्यात काढूनही मला सुचलं नाही, कारण मी स्वतःला बिघाड समजत नव्हतो.

माझा एकही शब्द बाहेर गेला नव्हता.

तांबोळी मान खाली घालून उभे राहिले. डॉक्टर मात्र चिडल्या, कुणावर ते त्यांनाही कळेना, आणि तशाच दवाखान्यात गेल्या. तासाभराने त्यांचा फोन आला.

"गेनूभाऊंनी रेडिओ लावला होता," त्या म्हणाल्या. "सगळ्या वॉर्डाला गोळा करून. तुमच्या जागी संतूर वाजला. ते म्हणाले, बघा, लाज वाटली त्यांना, वाजवली पिपाणी. मी समजावलं, तांत्रिक चूक होती म्हटलं. ते म्हणतात, डॉक्टरीणबाई, तुमी चांगल्या हायसा म्हणून असं बोलताय. पुतण्या सहाला येतोय. रणपिसे, मी आणखी काय करू?"

"त्यांना. रेडिओ. चालू ठेवायला सांगा."

"कशासाठी?"

"सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. खरं तर मला अजून माहीत नव्हतं.

मी लायब्ररीत येऊन संध्याकाळच्या टेपा काढू लागलो, कारण हात रिकामे ठेवले असते तर काही तरी फोडलं असतं. मुलांच्या कार्यक्रमाची टेप. परिसंवादाची टेप. श्रुतिकेच्या दोन. पाटीवर कार्यक्रम ओळीने लिहिलेले होते आणि मी एकेकाची टेप काढत खाली येत होतो. श्रुतिकेच्या आधी एक ओळ होती, तिला टेप नव्हती. बाजारभाव. तो रोज थेट वाचायचा असतो, कारण आकडे रोजचे.

मी ती ओळ बघत राहिलो. बाजारभाव मी शेकडो वेळा वाचला होता. तो बाकीच्यासारखा वाचत नाहीत. गावोगावचे लोक पेन्सिल घेऊन बसलेले असतात, त्यांना लिहून घ्यायला वेळ द्यावा लागतो. म्हणून मालाचं नाव सांगायचं, थांबायचं. बाजाराचं नाव सांगायचं, थांबायचं. भाव सांगायचा, थांबायचं. भराभर वाचणाऱ्या नव्या उद्घोषकांना आम्ही रागवायचो. सगळ्या दिवसात हा एकच कार्यक्रम असा होता, की ज्यात थांबणं हीच पद्धत होती. आणि हा एकच कार्यक्रम असा, की जो गेनूभाऊ कड मरणाच्या दारातही चुकवणार नव्हते.

मी बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी मला पाहताच हात जोडले. "रणपिसे, जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतंय. तुम्ही आज घरी जा, विश्रांती घ्या."

"बाजारभाव. मी वाचतो."

"काय?"

"थांबत थांबतच. वाचतात."

बाईंनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांच्या बोलण्यात सकाळचा हळवेपणा नव्हता, अधिकारी बोलत होती. "मुलाखतीत एखादा शब्द नाही कळला तर चालतं. इथे एक आकडा कळला नाही तर एखादा शेतकरी चुकीच्या बाजारात माल घेऊन जाईल. तुमच्या जिद्दीसाठी मी त्याचं नुकसान नाही करणार."

हे पटण्यासारखं होतं. त्यामुळेच मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्याशी कामाचं बोललं होतं.

"परीक्षा घ्या," मी म्हणालो.

त्यांनी मला कालचे भाव दिले. मग स्वतः खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली, कोरा कागद मांडीवर घेतला आणि पेन्सिल उचलली. "माझं तोंड दिसलं तर तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ओळखाल आणि पुन्हा सांगाल. वाचा."

मी वाचायला लागलो. ज्यांना असं बोलावं लागतं त्यांनाच हे ठाऊक असतं की क, ट, त, प, ब ही अक्षरं सोपी, ओठ नि जीभ आपटल्याबरोबर हवा आपोआप आत जाते. ह आणि म जड. आणि बाजारभाव म्हणजे कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, तूर. असं वाटत होतं की कुणी तरी हा कार्यक्रम माझ्यासाठीच तयार केला आहे.

वाचून झालं. बाईंनी खुर्ची फिरवली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीओळीवर पेन्सिल फिरवली. मी त्यांच्या पेन्सिलीकडे बघत होतो. बोर्डाच्या निकालाला मी इतका घाबरलो नव्हतो.

"हरभऱ्याचा आकडा कळला नाही मला," त्या म्हणाल्या.

मी हवा गिळली, हरभरा पुन्हा सांगितला. त्यांनी लिहून घेतला, ताडून पाहिला. मग कागद बाजूला सारला.

"हरभऱ्याच्या आधी जरा जास्त थांबा," त्या म्हणाल्या. "आणि ट्रान्समीटरला तुम्हीच फोन करा. त्यांच्या कानाची सवय झालेली बरी."

मी फोन लावला. जोगदंडांनी उचलला.

"जोगदंड. मी. रणपिसे."

"हॅलो? हॅलो, मोठ्याने बोला, लाइन खराब आहे," जोगदंड म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. मी पुन्हा लावला.

"जोगदंड. ठेवू नका. लाइन. चांगली आहे. मी. खराब आहे."

या वेळी त्यांनी फोन ठेवला नाही. त्या माणसाने अठरा वर्षं रोज माझा आवाज तारेवरून ऐकला होता.

"रणपिसे साहेब?" जोगदंड हळूच म्हणाले. "दुपारी ते... तुम्ही होता?"

"हो."

"मी तुम्हाला कापलं?"

"नियमच. आहे तो. आता बाजारभाव. मीच वाचतोय. पुन्हा कापलंत. तर माळावर. येईन."

"नाही साहेब," ते म्हणाले. "घरघर आली की समजेन तुम्ही आहात."

संध्याकाळी लाल दिवा लागला तेव्हा बाई काचेपलीकडे तांबोळींच्या शेजारी येऊन उभ्या होत्या. आणि तांबोळींनी या खेपेला ड्यूटी रूममधला रेडिओ आणून कानाशी धरला होता.

"आता ऐका. बाजारभाव," मी म्हणालो. तांबोळींनी रेडिओकडे बोट करून मान जोरजोरात हलवली. जात होतं. बाहेर जात होतं.

मी कांद्यापासून सुरुवात केली. "कांदा. चाकण. किमान. एकशे चाळीस. कमाल. दोनशे दहा." घोट. "बटाटा. चाकण." घोट. मंचर, जुन्नर, बारामती, लोणंद. हरभऱ्याच्या आधी मी जरा जास्त थांबलो. लसूण जरा भरभर गेला, कारण शेवट जवळ आला होता आणि मला धीर धरवेना. बाजारभाव वाचणाऱ्याचं नाव सांगायची पद्धत नव्हती, श्रुतिकेत शंखध्वनी करणाऱ्याचंसुद्धा सांगत, याचं नाही. मी कागद खाली ठेवला.

"बाजारभाव वाचले," मी म्हणालो. "भालचंद्र. रणपिसे. यांनी."

काचेपलीकडे बाईंनी कपाळाला हात लावला, पण त्या रागावल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून पुढे नोकरी संपेपर्यंत बाजारभाव मीच वाचला. पत्रं आली, रागाचीही आली. बाईंनी ती सगळी मला वाचायला दिली, एकही लपवलं नाही.

पण त्या संध्याकाळी मी कुणासाठी थांबलो नाही. रिक्षा केली आणि दवाखान्यात गेलो.

वॉर्डाच्या दारात गेनूभाऊंचा पुतण्या टेम्पोची किल्ली बोटात फिरवत, तोंड पाडून उभा होता. आत सगळे पेशंट जागेवर उठून बसले होते. गेनूभाऊ धोतर-टोपी घालून, निघायच्या तयारीत, कॉटवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "लसूण लई घाईनं वाचला."

"हो," मी म्हणालो.

"बाकी समदं लिवून घेतलं ह्या बाबानं." त्यांनी शेजारच्या कॉटवरच्या, पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाकडे बोट केलं. "हसलं न्हाई कुनी. पयल्या कांद्याला एक जन हसला, बटाट्याला गप झाला." त्यांनी टोपी सारखी केली. मग पुतण्याला म्हणाले, "टेम्पो ने रं माघारी. सांग घरी, कापायला गेलाय म्हनावं."

पुतण्या हलला नाही. गेनूभाऊ उभे राहिले. एका हाताने कॉटचा गज धरला.

"पन माल फुकट न्हाई जायाचा माजा," ते म्हणाले. आणि त्यांनी हाळी दिली. घोगरी, फाटलेली, पण वॉर्डाच्या टोकापर्यंत गेली. "बोला! बोला! आवाज हाय, आवाज! तीस वर्सांचा, चाकणच्या बाजारचा, एक नंबर माल! उद्या मिळायचा न्हाई! बोला!"

"अहो कड, खाली बसा!" नर्स धावत आल्या आणि मध्येच थांबल्या.

"पाच रुपये!" प्लास्टरवाला ओरडला.

"पाच? पाचात कोथमीर येत न्हाई पावन्या! बोला!"

"धा!" कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं. "पंधरा!" नर्सनी "वीस" म्हटलं आणि स्वतःच लाजल्या. सगळा वॉर्ड हसत होता. गेनूभाऊंच्या गळ्याच्या शिरा टरारल्या होत्या, डोळ्यांत पाणी होतं, पण हात बाजारात फिरावा तसा फिरत होता, या कॉटवरून त्या कॉटवर. "वीस! वीस वर कोन? अरं ह्या आवाजानं डोंगर इकलेत कांद्याचे! वीस वर कोन?"

"शंभर!"

भिंतीशी उभ्या असलेल्या हौसाबाई बोलल्या होत्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "शंभर! आन् कुनी वर गेलं, तर त्येच्या वर मी!"

हसणं थांबलं. गेनूभाऊंचा फिरता हात तसाच हवेत राहिला. ते बायकोकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला चार माणसांत बोलताना कधी ऐकलं नसावं.

"एक वार," ते म्हणाले.

वॉर्डात कुणी हललं नाही.

"दोन वार."

मी हवा गिळली नाही.

"तीन वार," गेनूभाऊ अगदी हळू म्हणाले, तिच्यापुरतंच. "घे. तुजाच."

मग ते कॉटवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, तोंड पुसलं आणि हाताने स्टूल माझ्याकडे सरकवला.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "पयल्यापासनं सांगा. हवा कशी गिळायची?"

मी बसलो.

"आधी," मी म्हणालो, "तोंड मिटा."